फाटकापर्यंत ऐकू जाणारा सायलेन्सर

कळंबच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं आणि आमची पांढरी, छोटी, कुणाच्या डोळ्यांत न भरणारी गाडी एकदम ट्रॅक्टरसारखी धडधडायला लागली. सायलेन्सर फुटला होता. पानटपरीवरची माणसं वळून पाहू लागली. मला कुणी वळून पाहिलेलं आवडत नाही. यवतमाळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते. ते काम मला आवडतं याचं एक कारण असं की तिथे दिवसभर सूक्ष्मदर्शकात पाहायचं असतं आणि फारसं बोलावं लागत नाही. त्या दिवशी काचा वर करून, मान खाली घालून मी कळंबातल्या आमच्या घरापर्यंत गाडी आणली.

आमच्या गल्लीचं वळण घेतलं तर आई फाटकात उभी. फाटक सताड उघडलेलं, आणि ती पदराला हात पुसत होती.

ती फाटकात उभी असणं ही काही वर्षांपूर्वीपर्यंत रोजची गोष्ट होती. गाडी वळणावर आली की तिला कळायचं. गल्लीतून आणखी चार गाड्या जायच्या, पण ती नेमकी आमच्याच गाडीला उठायची. मी हॉर्न कधी वाजवला नाही, वाजवायची वेळच आली नाही. मग तिचे कान जायला लागले. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या. डाळ करपू लागली, ती गॅसवर चिडू लागली. मग फोन गेला, दाराची बेल गेली. मी स्वतः फाटक उघडून, गाडी आत लावून, चपला काढून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायचे आणि ती मागे वळली की दचकायची. रोज. एकदा तव्यावर भाकरी टाकताना दचकली आणि मनगट भाजून घेतलं. त्यानंतर मी दारात उभी न राहता लांबून वळसा घालून तिच्या समोर येऊ लागले. तरीही ती दचकायचीच, फक्त आता हसून सावरून घ्यायची.

कानातलं मशीन आहे. डबीत आहे. “त्याच्यात सारं जग भुणभुण करते,” असं म्हणून तिने ते देवघराच्या कपाटात ठेवलं.

डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं की तिचे बारीक, उंच आवाज गेलेत आणि जाड आवाज शिल्लक आहेत. म्हणजे पिठाची गिरणी तिला ऐकू येते. जिनिंगकडे जाणारे कापसाचे ट्रक ऐकू येतात. बाबांचा आवाज ऐकू येतो. बाबा वणीला नोकरीला असतात आणि शनिवारी घरी येतात. त्यांचा आवाज मुळातच घागरीतून आल्यासारखा, त्यामुळे शनिवार-रविवार दोघं निवांत गप्पा मारतात आणि मी बाजूला बसून ऐकते. माझा आवाज बारीक आहे. आणि हळू आहे.

इंग्रजी शाळेत होते तेव्हा प्रत्येक टीचर मला एकच गोष्ट सांगायच्या, “लाउडर.” उत्तर येत असायचं, पण ते बाकांच्या तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायचं नाही. घरी मात्र असं कुणी कधी म्हणालं नाही. आई ओट्यापाशी पाठमोरी काम करायची आणि मी खाली पाटावर बसून शाळेतलं सांगायचे, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, ओठातल्या ओठात. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी ऐकू सगळं यायचं. उशीत तोंड खुपसून म्हटलेलंसुद्धा. “काय झालं आज?” हे तिने विचारायच्या आधीच मी पुटपुटलेलं असायचं आणि ती म्हणायची, “बरं.” त्या ‘बरं’मध्ये ती सगळं घ्यायची, माझी बाजूसुद्धा.

आता ती ‘बरं’ म्हणते तेव्हा तिला ऐकू आलेलं नसतं. हे दोन ‘बरं’ मला वेगवेगळे ओळखू येतात. पहिला ‘बरं’ थोडा उशिरा यायचा. आताचा लगेच येतो.

जोरात बोलावं, हे सगळे सांगतात. मी बोलते. “भाजी आणली,” “गॅस बंद कर,” “बाबा उशिरा येणार.” हे ओरडून सांगता येतं. पण “आज मला उगाचच वाईट वाटत होतं,” हे कसं ओरडणार? ओरडून सांगितलं की ते भांडण वाटतं. त्यामुळे मी तशा गोष्टी सांगणं सोडून दिलं.

तर त्या दिवशी फुटक्या सायलेन्सरने आई फाटकात आणून उभी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम वळणावर गाडी थोडी रेस केली.

समोरच्या काकूंना हे फार दिवस सहन होणार नव्हतं. “काय व माय,” त्या कुंपणावरून आईला म्हणाल्या, आणि काकूंचा आवाज तर कुणालाही ऐकू येतो, “तुही पोरगी तोंडानं बोलत नाही तं गाडीनं बोलून राह्यली का आता?”

आई हसली. मीही हसले, पण सायलेन्सर बदलावा लागणार हे उघड होतं. धूर आत यायला लागला होता. मेकॅनिक म्हणाला, कंपनीचा नवा लावून देतो, गाडी एकदम गुपचूप होईल. मी उद्या येते म्हणाले आणि गेले नाही. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत फोनवर शोधू लागले आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आवाजासाठी मुद्दाम वेगळे सायलेन्सर बसवणारी माणसं असतात, आणि यवतमाळात आर्णी रोडला त्यांचं दुकानही आहे.

दुकानात भिंतीला सायलेन्सर टांगलेले होते, स्टीलचे, चकचकीत, काही दुधाच्या कॅनएवढे. मालकाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे कोणी येतंय का ते पाहिलं.

“बोला मॅडम. भावासाठी घेऊन राह्यले का?”

“हो,” मी म्हणाले. मला भाऊ नाही. पण खरं कारण एका अनोळखी माणसाला सांगायचं तर खूप वाक्यं लागली असती.

“कसा पाहिजे? फटाके फोडणारा आहे. ॲक्सिलेटर सोडला की फट फट फट. पोट्ट्यांमध्ये तोच चालते.”

“फट फट नको. मोठा आवाज नको आहे. जाड पाहिजे.”

“जाड?”

“म्हणजे खालचा. गिरणीसारखा. आणि नियमात बसणारा.”

त्याने कपाळावरचा गॉगल काढून काउंटरवर ठेवला. “तुम्हाले बेस पाहिजे. असं म्हणा ना. अन् भाऊ पोलिसाले भेते, असं दिसते.” शब्द बरोबर होता, बेसच पाहिजे होता. त्याने तीन सायलेन्सर काढून ठेवले आणि तेच सायलेन्सर बसवलेल्या गाड्यांचे व्हिडिओ मला पाठवले. “भावाले ऐकवा. पसंत पडला की या.”

संध्याकाळी मी आईला ते ऐकवले. फोन तिच्या कानाशी धरला, आवाज पूर्ण वाढवला. तिने लक्ष देऊन ऐकलं, शाळेत तोंडी परीक्षेला बसल्यासारखं.

“कायचं आहे हे? मिक्सर?”

दुसरा लावला.

“हाही मिक्सरच.”

तिसऱ्याला ती “बरं” म्हणाली, लगेच. मी फोन खाली ठेवला. बरीच रात्र झाल्यावर मला समजलं की चूक माझीच होती. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमध्ये जाड आवाज मावतच नाही. तो गाळून, उरलेली करकर मी तिला ऐकवत होते. म्हणजे आईलाच तिथे न्यावं लागणार होतं.

त्या शनिवारी बाबांचं वणीहून येणं हुकलं होतं, तेव्हा रविवारी मी तिला म्हणाले की गाडी दुरुस्तीला न्यायची आहे, तूही चल. एवढं मी जोरात सांगितलं. सायलेन्सर कशासाठी, ते नाही सांगितलं. ती धुतलेली साडी नेसून आली, लग्नाला निघाल्यासारखी.

मालकाचा आवाज घोगरा आणि भरदार होता, हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईला त्याचं प्रत्येक वाक्य ऐकू आलं.

“बसा काकू. चहा घेता का?”

“घेतो ना. कमी साखरेचा.”

“कुठचे तुम्ही?”

“कळंबचे. माह्यं माहेर महागावचं.”

“हाव? माह्यी बहीण महागावले दिली आहे.”

आणि दोघं महागावच्या बाजाराबद्दल बोलायला लागले. आई किती सहज बोलत होती. मध्ये एकदाही तिने कान पुढे केला नाही, ओठांकडे पाहिलं नाही. मी स्टुलावर बसून तिच्याकडे पाहत होते आणि मला त्या माणसाचा हेवा वाटत होता, त्याच्या घशाचा.

कारागिराने पहिला सायलेन्सर नुसता पट्टीने आवळून बसवला आणि गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली. आई रस्त्याकडे पाठ करून बसली होती, मीच तिला तसं बसवलं होतं. गाडी आली, दुकानासमोर थांबली. आई बशीत चहा ओतत होती. दुसरा मालकाच्या आवडीचा, फटाके फोडणारा होता. सांगितलेलं नसतानाही त्याने तो बसवायला लावला. रस्त्यावरची सगळी माणसं थांबली, एक कुत्रं पळालं. आई महागावच्या कुठल्याशा मावशीबद्दल सांगत राहिली.

तिसऱ्या वेळी मला स्वतःला विशेष काही ऐकू आलं नाही. लांबून काहीतरी घुमत येत होतं, तेवढंच. आईने बशी खाली ठेवली. ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, रोज उठते तशी.

“आली,” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारीच बसले होते.

“कोण आली काकू?” मालकाने विचारलं.

तिने मागे वळून गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला इतकं हसू आलं की तिने पदर तोंडाला लावला. “पोरगी आली म्हटलं. सवय आहे मले. हे तं इथंच बसली आहे.”

“पण हे तं भावासाठी घेऊन राह्यले ना?”

“कोणाच्या भावासाठी? हिले भाऊ कुठचा?”

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी टांगलेल्या सायलेन्सरांकडे पाहत राहिले. तो कारागिराला म्हणाला, “हाच पक्का कर. वेल्डिंग नीट मार.”

आई खाली बसली. तिने चहाची बशी बाजूला सारली. मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “काहून सांगितलं नाही मले?”

मी सांगितलं. माझ्याच आवाजात, कारागिराचा ग्राइंडर सुरू असताना. तू फाटकात नसलीस की मला घरी आल्यासारखं वाटत नाही, असं काहीतरी. ती माझ्या ओठांकडे पाहत होती.

“बरं,” ती म्हणाली. उशिराचा की लगेचचा, ते ग्राइंडरच्या ठिणग्यांमध्ये मला कळलं नाही. मी तो पुन्हा आठवून पाहते आणि कधी तो उशिराचा वाटतो.

आता नवा सायलेन्सर बसला आहे. काकूंची तक्रार नाही, त्यांना तो जाणवतही नाही. पोलिसांनी कधी थांबवलं नाही. मी वळणावर येते तेव्हा आई फाटकात असते. दचकणं बंद झालं आहे. कधी कधी ती आधीच येऊन लोखंडी फाटकावर हात ठेवून उभी असते. तिचं म्हणणं, गाडी दिसायच्या आधी फाटक थरथरते.

वळणापासून फाटकापर्यंतचं अंतर थोडंच आहे. तेवढ्यात मी तिला दिवसभराचं सांगून घेते. काचा बंद असतात, इंजिन सुरू असतं, आणि मी आत बसून ओठातल्या ओठात बोलते, पाटावर बसून बोलायचे तशी, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. कुणाचे रिपोर्ट वाईट आले, कोण माझ्याशी तुसड्यासारखं बोललं, मला कुणाची आठवण आली. ती समोर उभी राहून काचेतून माझ्याकडे पाहत असते. फाटक पूर्ण उघडेपर्यंत मी बोलत राहते. मग गाडी आत घेते, इंजिन बंद करते, आणि अंगण एकदम रिकामं झाल्यासारखं वाटतं.

“कोणाशी बोलत होती व?” ती परवा म्हणाली. “फोन होता का?”

“तुझ्याशी,” मी म्हणाले.

“बरं,” ती लगेच म्हणाली, आणि फाटक लावायला वळली.