जाईबाईच्या गिरणीचा नंबर

आमच्या तामलवाडीत कुणालाही कागदावर दुसरा नंबर लिहायला सांगा, तो जाईबाईच्या गिरणीचाच लिहील. मग ती पोराची शाळा असो की गॅसचं कनेक्शन. आता घरोघरी मोबाईल आलेत, पण एके काळी गल्लीत फोन होता तो फक्त गिरणीत, आणि सवय काही सुटलेली नाही. जाईबाईलाही हौस. फोन आला की गिरणी बंद करायची, पिठाच्या हातानेच दारात यायची आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा निरोप द्यायची. माझं किराणा दुकान समोरच आहे. कुणाकडे पाहुणे येणार, कुणाची सून बाळंत झाली, हे मला घरच्यांच्या आधी कळायचं.

"जाईबाई, जरा हळू," मी म्हणायचो.

"हळू बोलाया म्या काय चोरी केलीय व्हय?"

गल्लीच्या शेवटच्या घरातली पौर्णिमा तिची लाडकी. बापाविना वाढलेली पोरगी रक्त तपासायचं शिकली, सोलापूरच्या एका लॅबमध्ये लागली आणि जायला-यायला हप्त्यावर स्कूटी घेतली. मग लॅबने माणसं कमी केली आणि हप्ते थकले. वसुलीवाल्यांनी तिला फोन करकरून इतकं हैराण केलं, की ती दिवसभर फोन बंदच ठेवायला लागली. मग त्यांनी कर्जाच्या कागदावरचा दुसरा नंबर लावला.

"कुरिअर आहे, पौर्णिमा मॅडम घरी कधी असतात?" समोरचा गोड आवाजात म्हणाला. जाईबाईने वेळ सांगितली, निळ्या दाराची खूण सांगितली, वर आई शेतातून उशिरा येते हेही सांगून टाकलं. न विचारलेलं सांगणं हा तिचा स्वभावच.

त्याच संध्याकाळी मोटारसायकलवर दोघं आले. निळ्या दारासमोर उभं राहून त्यांनी पोरीची अब्रू काढायला सुरुवात केली. फिरायला गाडी पाहिजे, भरायला पैसे नकोत, असलं काहीबाही. माझं डोकं फिरलं. मी दुकानातून ओरडत गेलो, तसे ते हसत निघून गेले.

पौर्णिमा तडक गिरणीत गेली. रडत नव्हती.

"आत्या, पत्ता तुमी सांगितला?"

"कुरिअर म्हनला की गं त्यो."

"हप्त्याचं बोलायचं तर माझ्याशी बोलावं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचा, दारात येऊन तमाशा करायचा हक्क न्हाय त्यांना. मी तक्रार करणार हाय. पण आता कुणीबी माझं नाव घेतलं, कायबी सांगितलं, तरी एकच म्हणायचं. इथं असं कुणी राहत न्हाय."

तिने खरंच कंपनीकडे लेखी तक्रार केली. ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेपर्यंत जाईन, असं त्यात बजावलं. मोटारसायकल पुन्हा आली नाही, पण धास्तीने तिने आपला फोन बंदच ठेवला.

जाईबाईचं मात्र चित्त थाऱ्यावर राहिना. फोन वाजला की दचकायची. ज्वारी भरड निघायची, लोक बोलायचे, तिचं लक्षच नसायचं. पौर्णिमा दळण टाकायला आईला पाठवू लागली, ते तिला फार लागलं. दिवसातून दहादा माझ्या दुकानाशी येऊन म्हणायची, "भाऊ, म्या तोंड उघडलंच का?" मीच वैतागायचो.

एका दुपारी ती आली, ती खुशीत.

"परवा पुन्हा एक फोन आला हुता. ह्या टायमाला बाईचा आवाज. म्हनली, दवाखान्यातून बोलतीया, पौर्णिमाचा फोन बंद हाय, तिला सांगा उद्या कागदं घेऊन या. म्या काय खुळी हाय? म्हनलं, असं कुणी राहत न्हाय इथं. दिला ठेवून!"

तुळजापूरच्या एका दवाखान्यात पौर्णिमाची मुलाखत झाली होती. तिच्या आईने मला साखर घेताना सांगितलं होतं. तिथल्या अर्जावर तिने दुसरा नंबर सवयीने कुणाचा लिहिला असेल, हे विचारायचीही गरज नव्हती. मी जाईबाईच्या फोनवरून परवाचा तोच नंबर लावला. पलीकडची बाई भली होती. म्हणाली, "दोन्ही नंबरांवर त्या मिळाल्या नाहीत. आम्हाला थांबता येत नव्हतं. दुसऱ्या मुलीला घेतलं, ती आज हजर झाली."

जाईबाईने सगळं ऐकलं. पदराने हातसुद्धा न पुसता ती निळ्या दाराकडे निघाली. मी मागे गेलो. बायका ओट्यावर आल्या, आता काय निरोप म्हणून. पण आयुष्यभर ओरडत आलेली बाई पौर्णिमाच्या कानाशी तोंड नेऊन बोलली. मलासुद्धा ऐकू आलं नाही.

पौर्णिमा चौकटीला धरून उभी राहिली.

"वरड की गं माझ्यावर," जाईबाई म्हणाली.

"कशाला ओरडू? मी सांगितलं तेच केलं तुमी."

दुसऱ्या दिवशी गिरणीत गर्दी असतानाच फोन वाजला. अनोळखी नंबर. जाईबाईने गिरणी बंद केली. हात फोनवर ठेवला, उचलला मात्र नाही. रांगेतली सगळी माणसं तिच्याकडे बघत राहिली.

"भाऊ," तिने मला रस्त्यापलीकडून विचारलं, "उचलू का?"

प्रत्येक गोष्टीत तोंड घालणारा मी. तराजूतली साखर पुन्हा मोजू लागलो. फोन वाजतच होता.