स्लॅबला पाणी मारलं नाही म्हणे

लोणारचं राहतं घर पाडून त्याच जागी दुमजली बांधायचं ठरलं, तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं, ठेकेदार मी निवडणार. तो लगेच हो म्हणाला. त्याला वाटलं, बायको फरशीचे रंग बघत बसेल. मला मात्र घर पाडण्याआधी एक जुनं भांडण काढायचं होतं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आमच्या हॉलवर स्लॅब टाकला आणि तो त्याच पावसाळ्यात मधोमध गळायला लागला. ठेकेदार आला, वर बघून म्हणाला, "स्लॅबले पाणी कमी पडलं." पाणी मारायचं काम माझं होतं. नळ तिसऱ्या दिवशी यायचा, म्हणून मी हापशीवरून घागरी आणायचे, शिडीनं चढवायचे आणि स्लॅबवरच्या मातीच्या आळ्यांत ओतायचे. सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे. एक वेळही चुकवली नाही. तरी त्या दिवसापासून सासूबाई धाकट्या काकूंपासून प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला छत दाखवून सांगायच्या, "सुनेनं पाणी मारलं नाही." नणंदेनं तर सासरी त्याचा विनोद करून टाकला: आमच्या वहिनीच्या हातचं पाणी फक्त छतातून मिळते. अठरा वर्षं पावसाळ्यात पातेली मांडत मी हे ऐकलं. आता छत पाडलं की ते खोटं कायमचं खरं होणार होतं.

मी तिघांना बोलावलं. एक बीबी गावचा, एक दुसरबीडचा आणि तिसरा तोच, गावातला जुना.

"त्याले काऊन?" नवऱ्यानं विचारलं.

"तुलना करायले."

खरं म्हणजे त्याला कामाची आशा लावून मग चारचौघांत नाकारायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

तिघांना पहिला प्रश्न एकच विचारायचा असं ठरवलं होतं. नव्या घराचं नंतर. हे छत का गळतं ते आधी सांगा.

बीबीचा ठेकेदार दारातूनच वर बघून म्हणाला, "पाडूनच राह्यले न ताई? मग कायले डोकं लावता?" आणि मोबाइलवर गॅलऱ्यांचे फोटो दाखवू लागला. छान होत्या गॅलऱ्या. मी चहा दिला आणि त्याचं नाव मनातून काढून टाकलं.

दुसरबीडचा माणूस कमी बोलणारा होता. तो छतावर जाऊन आला, मग हॉलमध्ये स्टूल मागितलं. समोरासमोरच्या भिंतींना, छतापासून बरोबर एक वीत खाली, दोरी ताणून बांधली आणि मधोमध जाऊन मोजलं. तिथं वीत भरेना. दोन बोटं कमी.

"ताई, पाणी कमी पडलं असतं तर सगळ्या छताले बारीक जाळी फुटली असती. हा स्लॅब मधात बसला. खालच्या टेकूच्या बल्ल्या लवकर काढल्या."

"किती लवकर?"

"आठ दिवसाच्या आत. तीन हप्ते तरी टेकू पाहिजे एवढ्या हॉलले."

मी उठून कपाटातला अल्बम काढला. स्लॅब सोमवारी टाकला होता आणि त्याच रविवारी त्याच हॉलमध्ये नणंदेचा साखरपुडा झाला होता. फोटोत पाहुणे गाद्यांवर बसलेले, डोक्यावर ओला स्लॅब आणि खाली एकही बल्ली नाही. तो हॉल मीच झाडला होता. बल्ल्या गेल्या म्हणून खूशसुद्धा झाले होते. ठेकेदाराला दुसऱ्या कामावर लागल्या असतील, असं समजले होते.

जुन्या ठेकेदाराला मी सुट्टीच्या दिवशी बोलावलं. नवरा घरी, सासूबाई खुर्चीत. तो नकाशा आणि पेढे घेऊनच आला.

"वहिनी, आपलं जुनं नातं. काम दुसऱ्याकडे जाऊच शकत नाही."

मी त्याला बोलू दिलं. जिना, देवघर, वरची गच्ची, सगळं ऐकलं. मग प्रश्न विचारला.

तो हसला. "आता ते काय सांगू? तुमाले तर माहीतच आहे. पाणी..."

दोरी मी तशीच ठेवली होती. त्याच्या हातात टेप दिला. "मोजा."

त्यानं मोजलं. परत मोजलं. मी त्याच्या नकाशावर फोटो ठेवला. "याच्यात बल्ल्या दाखवा मले."

त्यानं फोटोकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "आई, आता मलेच काऊन पाहता? मी म्हणलं होतं हात लावू नका. तुमीच म्हणल्या, पाहुणे काय बल्ल्यांमधी बसतीन?"

"गप बस बे," सासूबाई म्हणाल्या.

"आन गळाया लागलं तवा तुमीच म्हणल्या, कार्यक्रमाचं नाव घेऊ नको. पोरीच्या सासरी कळलं तर तिले पांढऱ्या पायाची म्हणतीन."

नवऱ्यानं फोटो उचलून जवळून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "नवं लग्न ठरेल होतं तिचं. मी काय करू?"

कारण मला समजलं. पोरगी वाचवायची होती, सून हाताशी होती. समजलं म्हणून राग कमी झाला नाही.

"नकाशा घेऊन जा," मी ठेकेदाराला म्हटलं. "पेढेही न्या. दोघांनी मिळून खोटं बोललात, पण बल्ल्या काढणारे हात तुमचे होते. काम दुसरबीडच्या माणसाले दिलं."

तो गेल्यावर सासूबाईंना त्यांचा मोबाइल आणून दिला. "आत्याबाई, पोरीले लावा. स्पीकर चालू ठेवा."

"आता कायले? घर तर पाडूनच राह्यलो."

"म्हणूनच आज."

त्यांनी सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. नणंद म्हणाली, "जाऊ द्या न वहिनी, किती जुनी गोष्ट. मनावर घेतलं का तुमी?"

"हो," मी म्हटलं.

सासूबाई फोन बाजूला ठेवू लागल्या. मी तो परत त्यांच्या हातात दिला. "आता धाकट्या काकूंले."

"तिले ऐकू कमी येते."

"मोठ्यानं सांगा."