थांबायचा रूळ

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कोणी विषय काढला की मी चहा मागायचो, नाहीतर पेपर उघडायचो. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे आणि ज्याच्याबद्दल ही गोष्ट आहे तो माझा मित्र गेल्या श्रावणात गेला. आमच्या फरीदाबादच्या मराठी मंडळात काही लोकांना अजून वाटतं, त्यानं काहीतरी केलं असणार. त्यानं काही केलं नव्हतं. जे केलं ते मी.

मी एका मंत्रालयाच्या दक्षता विभागात छत्तीस वर्षं काढली. कोणी काय लपवलं, कोणी कोणाला भेटलं, याच्या फायली तयार करणं हे माझं काम. तो सरकारी कार्यशाळेत मोजमापाची नाजूक यंत्रं दुरुस्त करायचा. दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये आमची क्वार्टर्स एकाच जिन्यावर होती. निवृत्त झाल्यावर फरीदाबादला एकाच सोसायटीत घरं घेतली, मी चौथ्या मजल्यावर, तो दुसऱ्या.

आर. के. पुरमच्या दिवसांत मी मुलासाठी चावीची एक जुनी विलायती आगगाडी आणली होती. लाल किल्ल्यामागे रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा, तिथून. पत्र्याचं इंजिन, दोन डबे, रूळ आणि पत्र्याचंच एक छोटं स्टेशन. मुलगा मोठा झाला, गाडी खोक्यात गेली, खोकं माळ्यावर गेलं. आठ वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीच्या आराशीत ती फिरवावी असं माझ्या मनात आलं. खोकं काढलं तर चावी फिरेना आणि रूळ गंजून काळे पडलेले. मी ते सगळं मित्राकडे नेलं.

सोबत यादी नेली. इंजिन एक, डबे दोन, रूळ वाकडे बारा, सरळ चार, स्टेशन एक. खाली त्याची सही मागितली.

"अरे, वहिनींना माहेरी पाठवतानाही यादी करतोस का?" तो हसत म्हणाला.

"सवय आहे."

"परत आल्यावर मोजूनही घेत असशील!" असं म्हणत त्यानं सही केली.

पुढचे दोन रविवार मी बाल्कनीतून एक माणूस पाहिला. पांढरी गाडी, खांद्याला पिशवी. तो मित्राच्या घरी जायचा. दुसऱ्या रविवारी दोघं खाली पोर्चमध्ये उजेडात उभे राहून भिंगातून काहीतरी पाहत होते. मी गेटवर जाऊन पहारेकऱ्याचं रजिस्टर चाळलं. त्या माणसाच्या नावापुढे कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पुरानी रेल'.

मी मित्राला विचारलं नाही. आमच्या विभागात पुरावा गोळा होईपर्यंत ज्याच्यावर संशय आहे त्याला विचारत नसत. मी डायरीत तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात तो खोकं घेऊन वर आला. जमिनीवर रूळ जोडले, चावी दिली, गाडी सुटली. मन लावून काम केलं होतं, रूळ चांदीसारखे दिसत होते. पण एका सरळ तुकड्यावर आली की गाडी कच्चकन थांबायची. मी वाकून पाहिलं. त्या तुकड्याच्या मधोमध एक खटका वर आलेला होता आणि बाजूला त्याची छोटी मूठ होती. असलं काही मी माझ्या रुळांवर कधी पाहिलं नव्हतं.

"हा तुकडा कुठला?"

"तुझाच."

"माझे चार सरळ होते. साधे."

"चारच आहेत की, मोज. अरे, याचा खटका गंजून खाली चिकटला होता. डिझेलमध्ये बुडवून ठेवला, मोकळा झाला. हा थांबायचा रूळ आहे, यार. स्टेशनापाशी लावायचा. इंजिनाच्या पोटाखाली दांडी आहे बघ, ती याला अडकली की ब्रेक लागतो. खटका पाडला की गाडी न थांबता जाते."

"अच्छा. म्हणजे गाडी माझी आणि कळतं तुला."

तो हात पुसत म्हणाला, "दक्षतावाले साहेब, कधीतरी नुसती गंमतही बघा हो." आणि चहा न घेता खाली गेला.

चहा न घेता गेला हेही मी डायरीत लिहिलं. माझ्या हिशेबानं प्रकरण स्वच्छ होतं. जुने रूळ जमवणाऱ्या माणसाला माझा अस्सल तुकडा दिला आणि संख्या जुळावी म्हणून हा बिघडलेला कुठूनतरी आणून घातला. चार घेतले, चार परत केले, सही खरी ठरली. असं करणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले होते.

मंडळाच्या गणपतीचे चांदीचे दागिने, मुकुट, मोदक, दूर्वांचा हार, नऊ वर्षं या मित्राच्या कपाटात असायचे. दर वर्षी तो ते स्वतः घासून, मऊ कापडात गुंडाळून आणायचा. त्या वर्षी मी अध्यक्षांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "मी काही म्हणत नाही. पण यंदा दागिने जरा मोजून, तपासून घ्या."

मी नाव घेतलं नाही. नाव न घेता बोट कसं दाखवायचं, ते मला चांगलं येत होतं.

दागिने सगळ्यांसमोर टेबलावर मांडून मोजले गेले. एकानं मुकुट उलटा करून आतला शिक्का पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. मित्र हात मागे बांधून उभा होता आणि प्रत्येक वस्तू उचलली की तिच्याकडे पाहत होता. त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, म्हणजे मोजणी कोणी लावली ते त्याला कळलं होतं, हे मी तेव्हाच समजलो. पुढच्या वर्षी कोणीतरी बँकेच्या लॉकरचा विषय काढला. सगळे "बिल्कुल, बिल्कुल" म्हणाले. त्यानं दागिने आणून दिले आणि त्यांचं मऊ कापड घडी करून खिशात घातलं. त्यानंतर तो आरतीला यायचा, पण मागे, चपलांच्या जवळ उभा राहायचा.

चार वर्षं अशी गेली. जिन्यात भेटलो की "कसं काय?" "ठीक." एवढंच.

मग एकदा सुट्टीत माझी नात आली. ती दिल्लीतच वाढलेली, बोलताना अर्धी मराठी, अर्धी हिंदी. खोक्यातून तिनं तोच तुकडा उचलला.

"आजोबा, हे कुठलं पार्ट आहे? कितना अजीब!"

"खोटा आहे तो. कोणीतरी बदललाय."

"कोणी?"

मी पेपर उघडला. तिनं पट्टी घेऊन दोन रुळांमधलं अंतर मोजलं, खालच्या आडव्या पट्ट्या मोजल्या, इंजिन उलटं करून पोटाखालच्या दांडीचा फोटो काढला आणि सगळं जुनी खेळणी जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत दिल्लीहून एका माणसाचा फोन आला.

"अंकलजी, यह तो मेरा देखा हुआ पीस है," तो म्हणाला. "ब्रेक वाली पटरी है, बिल्कुल ओरिजिनल, इसी सेट की. चार साल पहले फरीदाबाद में एक साहब ने मुझे बुलाया था. मैंने कहा, मुझे दे दीजिए. बोले, मेरी चीज़ नहीं है, दोस्त की है. दोस्त बड़ा शक्की है, पूछेगा तो क्या बताऊँगा, इसलिए तुम पक्का बता दो. एक बार से तसल्ली नहीं हुई, दूसरे इतवार फिर बुलाया."

मी फोन ठेवला. तरीही माझं समाधान झालं नाही, हे लिहायला मला लाज वाटते. मनात पहिलं आलं ते हेच, की दोघं मिळालेले असतील.

मी जुना अल्बम काढला. मुलाच्या पाचव्या वाढदिवसाचा, आर. के. पुरमच्या खोलीतला एक फोटो त्यात होता. जमिनीवर रूळ, पत्र्याचं स्टेशन आणि त्याच्यापुढे उभी गाडी. भिंग लावलं. स्टेशनाच्या कडेला, रुळाच्या बाहेर, ती छोटी मूठ स्पष्ट दिसत होती.

मग आठवलं. मुलगा दर फेरीला "स्टेशन आलं!" असं ओरडायचा. मला वाटायचं, चावी संपली म्हणून गाडी थांबते. तो हातानं काहीतरी करायचा आणि गाडी पुन्हा निघायची. मी खाली वाकून कधी पाहिलं नाही. घरी आणलेली ऑफिसची फाइल वाचत बसलेलो असायचो. यादीतले 'सरळ चार' मी कित्येक वर्षांनंतर, गंजाकडे नीट न बघता लिहिले होते.

त्यानंतर मला तीन वर्षं मिळाली. रोज दोन मजले उतरायचे होते, एवढंच. सकाळी ठरवायचो, संध्याकाळी वाटायचं, आता जुनं कशाला उकरायचं. खरं कारण वेगळं होतं. त्याची माफी मागितली असती तर मंडळातही सांगावं लागलं असतं.

एका संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकाला निघाली. दर वर्षी जाते. मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसलो. तो तुकडा रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवला होता. बाहेर दाट धुकं होतं. सोनीपत आलं तरी आम्ही थंडीशिवाय कशावर बोललो नव्हतो. मग त्यानंच डबा उघडून तिळगूळ पुढे केला.

"घे. दातांनी फोडू नकोस, कडक झालाय. आमच्याकडे आता पाक मी करतो."

मी घेतला.

जरा वेळानं तो खिडकीकडे बघत म्हणाला, "गाडी थांबते का अजून?"

"थांबते," मी म्हणालो.

"थांबणारच." मग डब्याचं झाकण लावत, "स्टेशनापाशी लावतोस ना पण?"

बोलायचं दार त्यानं उघडून धरलं होतं. माझा हात खिशातल्या रुमालावर होता. तेवढ्यात बस मुरथलच्या ढाब्यावर वळली, पुढून कोणीतरी "पराठे! उतरा, चलो!" ओरडलं आणि मी सगळ्यांच्या आधी उठलो. परतताना मी दुसऱ्या सीटवर बसलो.

तो गेला तेव्हा मी स्मशानात सगळ्यांबरोबर उभा होतो. तिथेही काही बोललो नाही. हे लिहून झालं की पहिली प्रत मंडळाच्या अध्यक्षांना देणार आहे, दुसरी खाली दुसऱ्या मजल्यावर वहिनींना. पण जे बसमध्ये त्याला म्हणायचं होतं ते त्या दोघांना सांगून भागणार नाही. मी ते पाठ केलं होतं, फरीदाबादपासून सोनीपतपर्यंत मनात घोकत होतो:

रूळ माझाच होता. तू काही बदललं नाहीस, काही घेतलं नाहीस. दागिने मोजायला मी सांगितलं. माझी चूक झाली, मला माफ कर.