चुडामणभाऊंची भरती

आमचे दाजी, सावद्याचे चुडामणभाऊ, यांच्याइतका शहाणा माणूस अख्ख्या रावेर तालुक्यात नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात. वीस वर्षं केळीचे ट्रक भरले, दिल्लीपर्यंत माल पाठवला, म्हणजे जगातलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा समज. त्या डोक्यात केळीखेरीज दुसरं काही शिरलं असेल तर मी मिशा उतरवून देईन!

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण, कुंदाअक्का. चौथीत तिची शाळा सुटली, पण पुस्तकातलं समुद्रातल्या किल्ल्याचं चित्र काही तिच्या मनातून गेलं नाही. "एकदा त्या किल्ल्यात पाय ठेवायचा रे," एवढंच तिचं मागणं. त्यावर दरवर्षी दाजींचं उत्तर ठरलेलं, केळीला पाणी कोण देईल? शेवटी एकोणनव्वदच्या दिवाळीत मी वरणगावच्या फॅक्टरीतून रजा काढली आणि दोघांना अक्षरशः ओढत कोकणात नेलं.

तिथं या गृहस्थानं अगदी जीव नको केला. नारळाला सावली नाही म्हणून नावं ठेवली. सोलकढीचा वास घेऊन वाटी सरकवली आणि घरून आणलेली शेव भातावर पसरली. वेलची केळी बघून तर खानावळवाल्याच्या तोंडावर म्हणाले, "आमच्याकडे असला माल बकरीपुढे टाकतात." तो बिचारा हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किल्ला किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. ओहोटीला वाळूतून चालत जायचं. भरतीत खडकांमुळे होडीसुद्धा कुणी घालत नाही. दुपारी दोनच्या एसटीनं निघणं भाग होतं, कारण परवा दाजींच्या मळ्यात ट्रक यायचा होता. म्हणून सकाळी नऊलाच मी रिझर्व्हेशनच्या रांगेत उभा राहिलो आणि या दोघांना पुढे पाठवलं. खानावळवाल्यानं त्यांना बजावलं, "आत्ताच जाऊन या. साडेदहाला भरती लागेल."

आता आमच्याकडे भरती म्हणजे ट्रकमध्ये केळीचे घड भरणं. दाजींनी अर्थ काय काढावा? साडेदहाला होड्यांत माणसं भरायला लागणार! मग चिखल तुडवत कशाला जायचं? अक्का त्यांना सांगत होती, "अहो, भरती म्हणजे समुद्राचं पाणी चढतं. आमच्या पुस्तकात होतं."

तर हा महापुरुष चारचौघांत तिच्यावर ओरडला, "तू मले भरती शिकवशीन का? वीस वरसं मी काय गोट्या खेळून रायलो?"

हे सगळं मला नंतर खानावळवाल्यानं सांगितलं. सव्वाअकराला मी किनाऱ्यावर पोचलो, तर दाजी वाळूत पंचा पसरून शेंगा खात बसलेले. "कायची भरती न कायचं काय! एक होडी नाही इथं. या लोकायले धंदा समजत नाही."

अक्का पाण्याच्या कडेला उभी होती. वाट केव्हाच बुडाली होती. पातळाचा काठ भिजत होता, तरी तिनं तो उचलला नाही. "संध्याकाळी पाणी उतरेल, उद्याच्या गाडीनं निघू," म्हणून मी दाजींच्या अक्षरशः हातापाया पडलो.

"मंग परवाची भरती तुझा बाप करीन का?"

माझा बाप म्हणजे आपलाच सासरा, एवढंही त्या अकलेच्या कांद्याला उमगलं नाही. अक्काच म्हणाली, "चल रे, गाडी चुकेल."

ठरल्या दिवशी मळ्यात ट्रक लागला. माझी रजा उरली होती, म्हणून मीही तिथंच होतो. दाजी मजुरांना कोकण सांगत होते, "किल्ला म्हणजे काय, नुसते दगडं!" जाऊन आल्यासारखं! अक्का मळ्यातल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून ऐकत होती. एवढ्यात मुकादम धनसिंगनं हाळी दिली, "चला रे, भरती लागली!"

दाजींनी अक्काला फर्मावलं, "ऊठ, चहाची किटली ट्रकपाशी घेऊन ये."

"भरती लागली ना?" अक्कानं विचारलं.

"हो, लागली. मंग?"

"मग आता पलीकडे जाता येत नाही," अक्का म्हणाली आणि उंबऱ्यातून हलली नाही.

मजूर तोंड फिरवून हसायला लागले. दाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि किटली स्वतःच उचलली.