सरपंचाचं पाणी आणि माझा अंगठा

मी तंबाखू सोडली त्याला आठ महिने झाले होते, आणि त्यातले पहिले चार दिवस मी खरोखर खाल्ली नव्हती.

सोडायचं कारण माझी मुलगी, प्रज्ञा. ती अकोल्याला नोकरीला आहे. माझ्या गालात आतून एक पांढरा चट्टा दिसला तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे तीच मला घेऊन गेली. डॉक्टर काय बोलले ते मी ऐकलं नाही, कारण मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. बाहेर आल्यावर ती रडली. मी तिथल्या तिथे तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी ती बुलढाण्याहून काचेचा एक टँक आणि दोन सोनेरी मासे घेऊन आमच्या चिखलीच्या घरी हजर.

"बाबा, तलफ आली का यायच्याकडे पाहत बसायचं. मन शांत होते."

मी बसू लागलो. मोठ्या माशाचं नाव आम्ही सरपंच ठेवलं, कारण तो दिवसभर तोंड उघडायचा, मिटायचा आणि त्यातून काही निष्पन्न व्हायचं नाही. धाकटा साहजिकच उपसरपंच. मन खरंच शांत व्हायचं. इतकं शांत व्हायचं की पाचव्या दिवशी मी टँकमागच्या हवेच्या मोटरीआड पुडी आणि चुन्याची डबी ठेवून दिली आणि सरपंचाकडे बघत बघत बार भरला. त्याने पाहिलं. पण सांगितलं नाही. मी म्हणालो ना, त्याच्या तोंडातून काही निष्पन्न होत नाही.

आठ महिने हे असंच सुखाने चाललं, आणि मग प्रज्ञाने पाणी तपासायचं किट आणलं.

छोटी पेटी. त्यात थेंबांची एक बाटली, काचेच्या दोन नळ्या, त्यांना एकच झाकण, आणि पिवळ्यापासून गर्द निळ्यापर्यंत रंगांची पट्टी. तिने मला समोर बसवून समजावलं. "नळी आधी टँकच्याच पाण्याने खंगाळायची. रेघेपर्यंत पाणी घ्यायचं. बाटली सरळ उभी धरायची, आडवी धरली का थेंब लहानमोठे पडतात. झाकण लावून हलवायचं, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबायचं. मंग पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात रंग पाहायचा. बल्बखाली नाई. हिरवट आला तर बेस, म्हंजे पाणी चांगलं. निळा आला तर खार वाढला, मले फोन."

"प्रज्ञा," मी म्हणालो, "कोणाले शिकवून राह्यली तू?"

इथे एक खुलासा. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये परिचर होतो. म्हणजे नळ्या धुवायचो. गल्लीत मात्र मला सगळे 'सर' म्हणतात आणि ती चूक दुरुस्त करायला मला अजून वेळ मिळालेला नाही.

ती सोमवारी गेली. मंगळवारी झाकण गेलं (माझी बायको, सुजाता, झाडताना कचऱ्यात जे दिसेल ते टाकते, आणि जे दिसत नाही तेही). मी काही डगमगलो नाही. आमच्या लॅबमध्ये हजारो पोरं नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून हलवत पास झाली. मी दहाचा बार मळला, तोंडात टाकला, नळी भरली, थेंब टाकले, अंगठा दाबला, हलवली.

पाणी निळं झालं. साधं निळं नाही. पट्टीवरचा शेवटचा रंग संपल्यावर पुढे जे निळं सुरू होत असेल, ते.

मी नळीचा फोटो पाठवला. "बाबा, इतकं?" प्रज्ञा फोनवर घाबरली. "इतक्यात मासे जगत नाईत. अर्धं पाणी बदला. ड्रममधलं शिळं घ्या, नळाचं ताजं टाकू नका."

अर्धं पाणी बदललं. निळं. ड्रममधलं पाणी तपासलं. निळं. आता मला शंका आली म्हणून माठातलं तपासलं. निळं. सुजाताने हातातला पेला खाली ठेवला.

"हे आपुन पेतो?"

"पेतो."

"आठ दिवसापासून माहं डोकं दुखून राह्यलं, थे यानंच."

तिने पाण्याचा विकतचा जार मागवला. मी जार तपासला. जारही निळा.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाणी बिघडलं होतं, माझी तपासणी खोटी असणं तर शक्यच नव्हतं. आणि घाबरलो की मला बार लागतो. त्यामुळे प्रकार असा झाला की बार घेतला की पाणी निळं यायचं, पाणी निळं आलं की मी घाबरायचो, आणि घाबरलो की बार घ्यायचो. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे एकतीस वर्षांच्या अनुभवातून मला सुचलं नाही.

गुरुवारी सुजाताने ही बातमी कोणालाही न सांगण्याच्या अटीवर गल्लीतल्या सगळ्यांना सांगितली. सकाळीच शेजारचे अंबादासभाऊ बाटली घेऊन आले. गावाबाहेर त्यांचं एक एकर वांगं आहे आणि त्यावर बोअरचं पाणी.

"सर, माह्या बोअरचं पाहून द्या बरं."

मी आत गेलो, बार घेतला (जबाबदारीचं काम होतं), बाहेर आलो, तपासलं. अंबादासभाऊंनी नळी उन्हात धरली आणि त्यांचा चेहराही तसाच झाला.

"हे तं शाई हाय सर."

"मी काय म्हणू आता."

"वांग्याले देऊ का नोको?"

शास्त्रीय माणसाने अशा वेळी सावध बोलायचं असतं. मी म्हणालो, "मी असतो तं नसतं देल्लं."

संध्याकाळपर्यंत ओट्यावर सोळा बाटल्या लागल्या. कोणाची विहीर, कोणाची टाकी, एका आजीबाईंनी तर तीर्थ आणलं होतं. सगळं निळं. आजीबाई म्हणाल्या, "बाप्पा, देवाचंही सोडलं नाई." शुक्रवारी गल्लीत चहा बंद झाला. अंबादासभाऊंनी ठरवलं की सोमवारी सगळ्यांनी बाटल्या घेऊन नगरपालिकेत साहेबांना भेटायचं.

"आन् सर राह्यतीन समोर," ते म्हणाले. "तिथंच, साह्यबाच्या टेबलावर, नळी हालवून दाखवतीन."

मी मोटरीमागे गेलो.

शनिवारी सकाळी प्रज्ञा बसमध्ये बसल्याचा फोन आला. दुपारपर्यंत ती येणार म्हणून डाव्या तळहातावर दिवसाचा मोठा बार घेतला आणि उजव्या अंगठ्याने मळत खिडकीशी उभा राहिलो. ऊन हातावर पडलं होतं. अंगठ्याच्या नखाच्या कडेला पांढरी रेघ चमकत होती.

मी अंगठ्याकडे पाहिलं. अंगठ्याने माझ्याकडे पाहिलं.

टँकचं पेलाभर पाणी आणि किट घेऊन न्हाणीघरात गेलो, कडी लावली. साबणाने हात धुतला, नखात ब्रश घातला, दगडाने घासला. मग नळीत ते पाणी भरलं आणि थेंब टाकले. बाटली गल्लीने संपवत आणली होती. शेवटचे पाच थेंब तेवढे पडले. पाच मिनिटं घड्याळ लावून थांबलो. हिरवट. कोवळ्या हरभऱ्यासारखं, निरोगी, सुरेख हिरवट.

शास्त्रज्ञाला सत्य सापडलं की तो आनंदाने रस्त्यावर धावतो म्हणतात. मी न्हाणीघराच्या पाटावर बसलो आणि मला दरदरून घाम फुटला. पाणी चांगलं आहे हे सांगायचं तर अंगठा दाखवावा लागणार. अंगठा दाखवायचा तर शपथ. मी ठरवलं, काही बोलायचं नाही. दोन दिवसांनी 'पाणी आपोआप सुधारलं' म्हणून जाहीर करायचं. पाण्याचं काय, ते कुठूनही येतं आणि कसंही सुधारतं.

तेवढ्यात सुजाताची हाक आली.

"आवं, या बरं इकडे. सरपंच आडवा झाला."

सरपंच खरंच आडवा होता. एका कुशीवर तरंगत होता आणि पाणी गढूळ तांबूस झालं होतं. सुजाताच्या हातात दुसरी वाटी होती.

"काय टाकलं तू?"

"चिंचेचं पानी. चुन्याच्या पान्यानं असंच निळं होते म्हनते प्रज्ञा. चुन्याले चिंच मारते, हे माह्या आजीले ठाऊक होतं. एक वाटी टाकली, आनखी एक टाकतो."

एकतीस वर्षं लॅबमध्ये नव्हती, पण तिचं रसायन माझ्यापेक्षा पक्कं होतं. फक्त चुना चुकीच्या ठिकाणी शोधत होती.

"थांब थोडं," मी म्हणालो. "पाणी सुधारलं असंन."

"कशानं?"

"ढगानं."

"ढग कुठं हाय?"

दारात चपला काढल्याचा आवाज आला. प्रज्ञा आत आली, सुजाताकडून चिंचेचं ऐकलं, टँकपाशी बसली, मोटर बघितली, थेंबांची बाटली उलटी करून हलवली. रिकामी.

"बाबा, आता तपासता येत नाई. तुमच्यावरच आहे." तिने सरपंचावरून नजर काढली नाही. "पाणी खरंच तेवढं निळं होतं, तर आईच्या चिंचेनं ते निळेपण खाली येऊन राह्यलं, घाईनं बदललं तर हा मरते. आन् पाणी आधीपासूनच बेस होतं, तर चिंचेनं आंबट झालं, आता नाई बदललं तर मरते. मले सांगा फक्त. पाणी कसं होतं?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर जसं पाहिलं होतं तसं. सरपंचाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि मिटायला आता वेळ लागत होता.

"चांगलं होतं," मी म्हणालो.

"फोटोत तं निळं होतं."

"चुना पाण्यात नव्हता. माह्या अंगठ्याले होता."

सुजाताने वाटी खाली ठेवली. प्रज्ञाने ड्रममधलं पाणी आणलं, नळी लावून टँकचं हळूहळू काढलं, हळूहळू भरलं. तासभर तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी बादल्या उचलत राहिलो. दुसरं काही करण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

चारच्या सुमाराला सरपंचाने शेपूट हलवलं, एकदा गचका दिला आणि सरळ झाला.

"कवापासून खाता?" प्रज्ञाने तेव्हा विचारलं.

"मधी मधी."

"मधी मधी म्हंजे?" सुजाता म्हणाली.

"म्हंजे... जेवणाच्या मधी मधी."

प्रज्ञाला हसू आलं, आणि हसता हसता ती रडली. आजवर खाल्लेल्या कुठल्याही मारापेक्षा मला ते जास्त लागलं. पुडी आणि डबी मी स्वतः काढून तिच्या हातात दिली.

संध्याकाळी गल्लीला कळवणं भाग होतं. ओट्यावर उभं राहून सांगितलं. अंबादासभाऊंना समजायला थोडा वेळ लागला.

"म्हंजे माही बोअर चांगली हाय?"

"हाव."

"मंग माह्या वांग्यानं काय गुन्हा केला होता बे?" (त्यांच्याकडून 'सर' जाऊन 'बे' आलं, ते अजून परत गेलेलं नाही.) "तीन दिवस पान्याबिगर मान टाकून पडली थे. दाखव तो अंगठा."

सगळ्या गल्लीने अंगठा पाहिला. आजीबाईंनी तीर्थाची बाटली उचलली आणि अंगठ्यावरून ओवाळून नेली.

प्रज्ञाने दुसऱ्याच आठवड्यात नवी बाटली पाठवली. आता रोज सकाळी आठ वाजता सुजाता नळीत स्वच्छ पाणी भरते, मी त्यात अंगठा बुडवतो, ती थेंब टाकते आणि प्रज्ञा व्हिडिओ कॉलवर रंग पाहते. पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात. दोन महिने हिरवट. खरोखर हिरवट, कारण त्या दिवशी तासभर बादल्या उचलल्यापासून मी पुडीला हात लावलेला नाही.

परवा निळा आला.

मी शपथेवर सांगतो, खाल्ली नव्हती. वांग्याची भरपाई म्हणून आदल्या दिवशी अंबादासभाऊंच्या शेतातल्या कंपाउंडला चुना मारून दिला होता, आणि एवढा एक साक्षीदार नेमका सोनाळ्याला लग्नाला गेला होता, फोन बंद ठेवून. मी सगळं नीट समजावून सांगितलं. सुजाता नळीकडे पाहत राहिली, प्रज्ञा पट्टीकडे. घरात आता माझं कोणी ऐकत नाही. माझा अंगठा काय म्हणतो, तेवढंच ऐकतात.