भरमाप्पाचा चार नंबर

भरमाप्पा माझा धाकटा भाऊ. त्येच्यासारखा वायरलेसवाला अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा न्हाय. भाऊ म्हणून सांगत न्हाय, कुणालाबी विचारा. आमी मूळचे नेसरीचे. मी सातवीत शाळा सोडून उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो आणि त्येला आयटीआयला घातला. १९९१ ला तो सरकारी वायरलेस ऑपरेटर झाला तवा गल्लीत पेढे मीच वाटले.

आमच्या घरात सगळ्यांचा आवाज मोठा. आमची आई, अव्वा, गोठ्यात बोलली तर वेशीवर ऐकू जायचं. हा एकटाच हळू बोलायचा. मी म्हणायचो, बायकांसारखा काय पुटपुटतोस? तर वायरलेसच्या सेटवर त्येचंच बरोबर ठरलं. वरडलं की आवाज फाटतो. हळू बोलायचं, सुट्टं बोलायचं, असं तो सगळ्यास्नी शिकवायचा.

त्येच्या डोक्यात एकच गोष्ट बसलीती. तवा सगळं बोलणं एकाच चॅनलवर चालायचं. मोर्चा, बंदोबस्त, साहेबांची गाडी, जेवणाचे डबे. एकदा घाटात ट्रक उलटला. "क्रेन पाठवा" एवढे दोन शब्द बोलायला बंबवाल्याला अकरा मिनिटं वाट बघावी लागली. तवापासनं भरमाप्पानं अर्ज सुरू केले. वाचवायला जाणाऱ्या माणसांसाठी वेगळं चॅनल द्या, त्येच्यावर दुसरं कोण बोलणार न्हाय. बंब आला की आपण रस्ता सोडतो का न्हाय, मग आवाजालाबी रस्ता पाहिजे की, असं त्येचं म्हणणं. मोबाईल आल्यावर लोक हसायला लागले, आता हे खोकं कशाला म्हणून. ह्यो काय थांबला न्हाय. २००४ ला चार नंबरचं चॅनल मिळालं. नऊ वर्षं लागली.

वर त्येनं एक कवायत काढली. कुणाच्या सेटचं बटण दाबलेलंच राहिलं तर सगळ्यांचं बोलणं अडतं. म्हणून चार नंबर मिनिटभर अडला की सगळ्यांनी न विचारता पाचवर जायचं. दर महिन्याला तो मुद्दाम बटण दाबून बसायचा आणि कोण किती लवकर पाचवर येतो ते बघायचा. होडीवाला आकाराम त्येची टर उडवायचा. "मास्तर, हजेरी झाली. आता गृहपाठ द्या," म्हणायचा.

२००५ चा पूर आला आणि मोबाईल मुके झाले. चालत होता तो फकस्त चार नंबर. मी पट्टीचा पोहणारा, म्हणून होडीवर गेलतो. आमच्या होडीचा सेटवाला तापानं पडला. मी कंट्रोल रूममधी जाऊन म्हटलं, सेट माझ्याकडं दे. भरमाप्पा देईना. शिकलेल्या माणसालाच सेट द्यायचा, हा त्येचाच नेम. मग मी सगळ्यांच्या देखत बोललो, "सख्ख्या भावावर विश्वास न्हाय व्हय रं?"

त्येनं सेट दिला. "अण्णा, बोलायचं तेवढंच बटण दाबायचं. लगेच सोडायचं."

मळीवाडीत आमी सात माणसं होडीत घेतली. पाऊस लागत होता, म्हणून सेट प्लास्टिकात गुंडाळून मांडीखाली घेतला. माणसं भ्यालीती. त्येंना धीर द्यायला मी सांगायला लागलो, घाबरू नका, तिकडं माझा भाऊ बसलाय, त्येच्यासारखा जिल्ह्यात कोण न्हाय. आयटीआयपासनं चार नंबरपतोर सगळं सांगितलं. सेट गप होता. मला वाटलं, भावानं कारभार कसा शांत ठेवलाय बघा.

बटण माझ्या मांडीखाली दाबलं गेलतं.

त्याच वेळी आकारामच्या होडीचं इंजिन बंद पडलं. अकरा माणसं, आणि होडी धारेला लागून पुलाकडं चालली. त्येनं सेट कानाला लावला तर माझा आवाज. त्येनं पाच नंबर लावला. भरमाप्पा तिथं आधीच येऊन बसलाता. तो पाचवरनं दुसऱ्या होडीला दोर घेऊन जा म्हणून सांगायला लागला. पण ती होडी अजून चारवरच होती, तिला पाचवर यायला वेळ लागला. दोर पोचायच्या आत आकारामची होडी बाभळीवर आदळली. दहा माणसं आली. धोंडुबाई म्हणून एक म्हातारी गेली. तिसऱ्या दिवशी सापडली.

मी छाती काढून परत आलो तर कोण माझ्याकडं बघंना. भरमाप्पानं सेट हातात घेतला आणि हळूच सांगितलं, "अण्णा, सहा मिनिटं बटण दाबलेलं होतं." मग बाकीचं सांगितलं.

तो नोंदवही लिहायला बसला. त्येचा साहेब चांगला माणूस. म्हणाला, सेट भिजून बिघडला असं लिही, एवढ्या पुरात कोण विचारतंय. मीबी हात जोडले. म्हटलं, लिही की बाबा तसं, तुझी नोकरी जाईल.

"अण्णा, मीच खोटं लिवलं तर उद्या माझ्या सेटवर कोण विश्वास ठेवंल?"

आणि त्येनं लिवलं. सेट नंबर नऊ, सहा मिनिटं. सेट माझ्या थोरल्या भावाकडं होता, त्येला शिकवलेलं नव्हतं, मी दिला, चूक माझी. खाली सही.

नोकरी राहिली, पण त्येला कंट्रोल रूममधनं काढून पन्हाळ्याला टॉवरच्या खोलीत टाकलं. मी धोंडुबाईच्या लेकाकडं गेलो आणि सगळं कबूल केलं. तो म्हणाला, आकाराम सांगत होता, सेटवर कोणतरी भावाची तारीफ करत होतं. एवढंच बोलला. चहा ठेवला होता, तो तसाच सोडून मी उठलो.

तीन वर्षं मी सेटकडं बघितलं न्हाय. २००८ च्या जूनमधी पुराच्या तयारीला भरमाप्पाला पन्हाळ्यावरनं बोलावलं. कवायत दुसऱ्या कुणाला जमत न्हाय, त्येच्यासारखा दुसरा न्हाय ते मी आधीच सांगितलंय. त्येनं मलाबी बोलावलं. चाळीस माणसं बसलीती. "अण्णा, ह्यास्नी तुमीच सांगा," म्हणाला. मी सांगितलं, धोंडुबाईचं नाव घेऊन सांगितलं. जन्मात पहिल्यांदा माझा आवाज एवढा हळू निघाला.

मग त्येनं नऊ नंबरचा सेट माझ्या हातात दिला आणि मांडीखाली घेऊन बसायला लावलं. मी बसलो. चाळीस सेट मुके झाले. कोण हसलं न्हाय. आकाराम घड्याळाकडं बघत होता. मिनिट झालं आणि कान पिळल्यासारखी सगळ्यांनी चॅनलची बटणं फिरवली. पाचवर एकेकाची हजेरी यायला लागली. शेवटी त्या सगळ्या सेटांतनं माझ्या भावाचा आवाज आला, हळू आणि सुट्टा.

"सगळे आले. अण्णा, आता उठा."