दुपारी अडीचची ट्रायल

गाडी घ्यायची ठरली ती माझ्यासाठी, आणि त्या गाडीबद्दल शेवटपर्यंत कोणी काही विचारलं नाही तेही मलाच.

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीन दिवस नेरहून यवतमाळला डायलिसिसला जावं लागतं. सकाळची पहिली पाळी जुन्या पेशंटांनी धरून ठेवलेली. ती कोणी सोडत नाही, आणि एखाद्याची जागा रिकामी व्हावी असं मनात आणायचीही चोरी. म्हणून मला दुसरी पाळी. साडेदहाला मशीनला लावतात, अडीचला सोडतात. मे महिन्यात अडीच वाजता यवतमाळात कुत्रंही सावली सोडत नाही. अंगातलं पाणी काढून घेतलेलं, बीपी खाली गेलेलं, पाय लटपटणारे, आणि बाहेर पंचेचाळीस. त्यात प्यायला दिवसाला एक लिटर, चहा, वरण आणि गोळ्यांवरचे घोट धरून. त्याच्यावर कोरड पडली तर बर्फाचा खडा चघळायचा. संत्री, आंबा, नारळपाणी हे सगळं लोकांनी खायचं आणि मी बघायचं.

आमची जुनी गाडी दवाखान्यासमोर चार तास तापायची. तिचा एसी जागा होईस्तोवर नेर यायचं. गेल्या उन्हाळ्यात मी त्या गाडीतच बेशुद्ध पडले. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की पुढच्या उन्हाळ्यात दुपारचा हा प्रवास थंड व्हायला पाहिजे, नाहीतर दोन-अडीच महिने इथंच खोली करून राहा. यवतमाळात कुठल्यातरी खोलीत, घर सोडून, दोन-अडीच महिने. मला ते नको होतं. किती उन्हाळे राहिलेत कोणाला माहीत, जे आहेत ते मला माझ्या घरात काढायचे होते.

आमची मुलगी हैदराबादला असते. इलेक्ट्रिक गाडीचा एसी मोबाइलवरून लावता येतो, गाडी जागेवर उभी असली तरी चालतो, धूर नाही, इंजिनाची घरघर नाही, हे तिनंच शोधून काढलं. आपण यायच्या आधी गाडी थंडगार. इथवर मुलगी शहाणी. मोठी एसयूव्ही घ्या म्हणाली, बॅटरी मोठी असली की एसी कितीही ओढला तरी फरक पडत नाही. हेही पटलं. पण मग तिला सेकंदांचं वेड लागलं. ही गाडी शून्यावरून शंभरावर सहा सेकंदांत जाते, ती पाच सेकंदांत जाते. रोज व्हिडिओ. त्यात कोणीतरी दाढीवाला गाडी वाळूत नेऊन गरगर फिरवतोय. मी तिला विचारलं, "शंभरावर पोचून मले कोठी जायचं हाये?"

"आई, ओव्हरटेक करताना लागते ताकद."

"तुह्या बापानं आजवर कोणाले ओव्हरटेक केलं?"

तिचा बाप एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर. चौतीस वर्षं लाल गाडी चालवली. दहा लिटर डिझेलमध्ये कोणत्या ड्रायव्हरनं गाडी किती किलोमीटर काढली याची यादी डेपोत लागायची, आणि त्या यादीत यांचं नाव वरच्या दोन-तिघांत. उताराला गाडी कशी सोडायची, ब्रेक कुठं लावायचाच नाही, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. रिटायर झाल्यावर यादी गेली, खोड राहिली. जुन्या गाडीतही चढ आला की यांचा हात एसीच्या बटणावर. मी बेशुद्ध पडले त्या दिवशीही एसी बंदच होता, आणि हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. नवऱ्याला किती ठिकाणी उघडं पाडायचं.

शोरूम पाहायला आम्ही सकाळी गेलो. तिथल्या सेल्समननं खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, मी माझ्या लिटरातून तो वजा केला. हे उठून थेट गाडीचं बॉनेट उघडायला गेले. आत इंजिन नसतं हे यांना दहा वेळा सांगून झालं होतं. तरी उघडलं. आत भाजी ठेवायला असावा तसा एक काळा डबा. हे त्या डब्यात वाकून बघत म्हणाले, "आन गरम झाली त पानी कोठी टाकाचं?"

"काकाजी, पाणी नाही टाकावं लागत. बॅटरी खाली आहे, कूलिंग आतल्या आत होते."

यांनी घरून गोणपाट आणलं होतं. एवढ्या उन्हात गाडी उभी करायची तर बॉनेटवर ओलं गोणपाट टाकायचं, असा त्यांचा बेत. ज्याच्याखाली काही तापतच नाही त्याच्यावर गोणपाट. ते त्यांनी घडी करून त्या डब्यातच ठेवलं आणि निघताना तिथंच विसरले.

मग सेल्समननं आम्हाला त्याची आवडती गाडी दाखवली. सर्वांत महाग, सर्वांत वेगवान, आणि वरून अख्खं छत काचेचं. रात्री चांदण्या दिसतात म्हणाला. आमच्या नेरमध्ये उन्हाळा लागला की लोक स्लॅबवर चुना मारतात, तुराट्या टाकतात, बारदाने भिजवून पसरतात, की वरून येणारं ऊन कसंतरी अडावं. आणि हा शहाणा डोक्यावर काच घालून वर पैसे मागतोय. साधं छत हवं तर काय, असं विचारलं. तर ते खालच्या मॉडेलला. पण खालच्या मॉडेलला मोबाइलवरून एसी लागत नाही. म्हणजे थंडावा हवा असेल तर आधी ऊन विकत घ्यायचं. ज्यानं हे ठरवलं त्याला एक दिवस डायलिसिस करून यवतमाळच्या बसस्टँडवर उभा करावा.

ट्रायलचं विचारलं तर म्हणाला, "सायंकाळी सहाला या ना काकू, ऊन उतरल्यावर. मस्त वाटेल."

"ऊन उतरल्यावर आमची जुनी गाडीबी मस्त वाटते," मी म्हटलं. "मले दुपारी अडीचची ट्रायल पाह्यजे. दवाखान्यासमोर. गाडी चार तास उन्हात उभी ठेवून."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते. दुसऱ्या शोरूमवाल्यानं तर फोनच ठेवला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. गाडी उन्हासाठी घ्यायची आणि बघायची मात्र संध्याकाळी, असं हे सगळं दुकान. तिकडून मुलीचा फोन, रंग काळा घ्या, मॅट काळा, रुबाबदार दिसतो. इकडं मेव्हणे सांगणार की उन्हात बॅटरी फुटते, त्यांच्या ओळखीत कोणाच्या तरी ओळखीत फुटली. सगळे उंटावरचे शहाणे. त्यातला एकही माझ्यासोबत दवाखान्यात चार तास बसलेला नाही. एक दिवस मी इतकी वैतागले की मुलीला सांगितलं, नको मला गाडी, मी खोली करून राहते. ती रडली. मग तिची समजूत मीच काढायची.

शेवटी तिसऱ्या ठिकाणी एक माणूस भेटला. चाळिशीतला, स्वतः राळेगावकडचा, त्याची आई दम्याची. त्याला एकदाच सांगावं लागलं. पांढरी गाडी, साधं पत्र्याचं छत, मोटर मुलीलाही नाव ठेवता येऊ नये इतकी ताकदीची. ट्रायलच्या दिवशी माझी डायलिसिसची पाळी सुरू झाली तेव्हाच त्यानं गाडी दवाखान्यासमोर उन्हात आणून लावली आणि स्वतः समोरच्या कँटीनमध्ये बसून राहिला.

अडीचला मला यांनी धरून बाहेर आणलं. रस्त्यावरून भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ येत होती. मी गाडीचं दार उघडलं आणि आतून गार हवा अंगावर आली. सीटसुद्धा गार. एसी वीस मिनिटं आधीच लावला होता, तो माणूस म्हणाला. मी बसले, डोळे मिटले, आणि मला रडू आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला जे पाहिजे होतं तेच दिलं होतं. मनात म्हटलं, झालं, हीच गाडी.

हे स्टीअरिंगवर, तो माणूस मागं. यवतमाळ सुटलं. गाडीचा आवाज नाही, हादरा नाही. मी सीटला डोकं टेकलं. समोर मोठा पडदा, त्याच्यावर नकाशा, गाणी, कायकाय. यांनी त्यातलं काहीही समजून घ्यायला नकार दिला होता. फक्त एक आकडा त्यांना सापडला होता, अजून किती किलोमीटर जाईल तो. तीनशे बारा. थोड्या वेळानं तीनशे सहा. यांचे डोळे रस्त्यावर कमी आणि त्या आकड्यावर जास्त.

"चार्जिंग उतरून राह्यली," हे म्हणाले.

"काकाजी, नेर तीस किलोमीटरबी नाही. तुम्ही जाऊन, येऊन, परत जाल तरी उरते."

यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. चढ लागला. आणि ज्या माणसाला त्या पडद्यावर गाणं लावता येत नव्हतं, त्यानं एका बोटात एसी बंद केला. वर सवयीनं आपल्या बाजूची काच खाली केली. फुफाटा आत आला.

"लावा थो," मी म्हटलं.

"पाच मिनिटं. चढ हाये."

"लावा म्हनते ना."

"अवं, उतार लागला का लावतो."

माझ्या मांडीवर बाटली होती. त्या दिवसाचं उरलेलं पाणी, अर्ध्याहून जास्त भरलेली. ती मला रात्री झोपेपर्यंत पुरवायची होती. मी झाकण काढलं आणि यांच्याकडं बघत बघत, मध्ये कुठंही न थांबता, सगळी बाटली पिऊन टाकली. यांना माहीत आहे त्याचा अर्थ काय होतो. मागच्या माणसाला माहीत नव्हता, तो बिचारा मोबाइलमध्ये बघत राहिला.

यांनी गाडी बाजूला घेतली. तिथं झाड नव्हतं, काही नव्हतं, दोन्हीकडं नांगरून ठेवलेली काळी रानं.

"काहून केलं असं?"

"तहान लागली."

"आता रात्रीलोक काय करशीन?"

"बसन तशीच," मी म्हटलं, आणि मग जे तोंडात आलं ते बोलून गेले. चौतीस वर्षं डिझेल वाचवलं, त्यातलं किती घरी आणलं. ही गाडी वाचवून ठेवायला घ्यायची असेल तर घेऊच नका, गोठ्यात बांधा. मी मेल्यावर बॅटरी फुल्ल राहील, मग फिरा एकटेच. मागच्या माणसानं हळूच दार उघडलं आणि त्या उन्हात खाली उतरून उभा राहिला. मला त्याची लाज वाटली, तरी मी थांबले नाही. मी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हा आकडा गाडीचा हाये. माहा नाही. माहा तुमाले डॉक्टरनं सांगतला नाही म्हणून तुमी हा धरून बसले. हा वाचवून माहा वाढत नाही."

यांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर, एसटीत ठेवायचे तसे. मला वाटलं, आता नेहमीसारखी गाडी सुरू करतील.

"रस्त्यात गाडी बंद पडली का," हे म्हणाले, "मी पॅसिंजर उतरवत होतो. मांगून येनारी गाडी हात दाखवून थांबवाची अन् एकेकाले तिच्यात बसवून द्याचं. बुढे, पोट्टे, गाठोडे, सगळे. एकबी मानूस रस्त्यावर ठेवला नाही मी चौतीस वर्षात." मग माझ्याकडं बघितलं. "तुले कोन्त्या गाडीत बसवू?"

इतके दिवस या माणसाच्या कंजूषपणावर मी चिडत होते, घरीदारी त्याची टिंगल करत होते, आणि तो कंजूष नव्हताच. तो भ्यालेला होता. बेशुद्ध पडले त्या दिवशी गाडीत माझ्याशेजारी कोण होतं, हे मी कधी हिशोबात धरलंच नव्हतं. डायलिसिस लागल्यापासून मी मरणाला घाबरले नाही, हे मी सगळ्यांना अभिमानानं सांगत असते. त्या रस्त्यावर मात्र घाबरले. स्वतःसाठी नाही. मी गेल्यावर हा माणूस असाच कुठंतरी गाडी बाजूला घेऊन उभा राहील, आणि मागून कोणतीच गाडी येणार नाही, याची मला भीती वाटली.

"त्याले आत बसवा," मी बाहेर उभ्या माणसाकडं हात करून म्हटलं. "लाल झाला तो."

यांनी त्याला हाक मारली. मग आपली काच वर केली आणि एसी लावला. चढ अजून संपला नव्हता.